ट्री सॅडल

ट्री सॅडल हे झाडाच्या खोडाला दोराने टांगून बसण्याचे कापडी आसन होय. सॅडल म्हणजे खोगीर. मात्र हे खोगीर झाडावर चढवले जात नाही, शिकारीच ते स्वतःच्या कमरेखाली बांधतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक त्याचा वापर करतात. बाजारात तयार सॅडल मिळत असली तरी घरी शिवलेल्या कापडी सॅडलची परंपराही तितकीच जिवंत आहे.

रचना

आसन नितंबांना आणि मांड्यांच्या वरच्या भागाला आधार देते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फासांना जोडणारा, पोटासमोरून जाणारा आखूड दोर ‘ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. खोडाभोवती सरफासाने आवळलेल्या मुख्य दोराला कॅराबिनर नावाच्या धातूच्या कडीने हा ब्रिज अडकवतात. मुख्य दोराची लांबी कमीजास्त करण्यासाठी त्यावर प्रुसिक गाठ असते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये प्रचारात आणलेली ही गाठ सैल असताना दोरावरून सरकते आणि भार पडताच घट्ट धरते. पायांखाली खोडाला आवळलेली लहानशी फळी किंवा पायऱ्यांचे कडे असते.

मचाणावर शिकारी खोडाला पाठ लावून बसतो, तर सॅडलमध्ये त्याचे तोंड खोडाकडे असते. त्यामुळे खोडच आडोसा बनते आणि पाय सरकवत खोडाभोवती बहुतेक सर्व दिशांना वळता येते. आसन गुंडाळले की पाठपिशवीच्या कोपऱ्यात मावते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे मचाण वाहून नेणाऱ्याला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

इतिहास

टांगत्या आसनातून शिकार करण्याचा प्रकार १९८०च्या दशकात थोड्या लोकांपुरता होता. मिशिगन राज्यातील धनुर्धारी शिकारी व लेखक जॉन एबरहार्ट यांनी पुढील काळात त्याचा सातत्याने पुरस्कार केला. तयार आसने सहज मिळत नसत, त्या वर्षांत अनेकांनी शिलाई यंत्र काढले. काहींनी गिर्यारोहकांचा किंवा वृक्षछाटणी करणाऱ्यांचा पट्टा घेऊन त्याला कापडी बैठक जोडली.

घरी बनवण्याची पद्धत

घरगुती सॅडलमध्ये कापड वजन पेलत नाही. वजन पेलतो तो विणीचा पट्टा, म्हणजे वेबिंग. कापडाचे काम तो भार शरीरावर पसरवण्याचे आहे. ही गोष्ट ज्याला उमगली नाही त्याने कात्री हाती घेऊ नये.

दीड वीत रुंदीचे आणि एका कुल्ल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचेल इतके लांब कापड घेऊन त्याचे दोन-तीन पदर करतात. वरच्या आणि खालच्या काठाला परकराच्या नाडीसाठी करतात तसा नेफा शिवून त्यातून पट्टा ओवला जातो. पट्ट्याची टोके दोन्ही बाजूंना एकत्र येऊन फास तयार होतात आणि त्या फासांत ब्रिज अडकतो. अशा रचनेत कापड मधोमध उसवले तरी पट्ट्याचे वेढे शाबूत राहतात. याउलट, पट्टा नुसता कापडावर टाचलेला असेल तर सारी भिस्त टाक्यांवर येते.

कापड म्हणून पॉलिएस्टरची लोकरी वीण असलेले ‘फ्लीस’ पसंत केले जाते, कारण ते सळसळत नाही. बाणाच्या टप्प्यात आलेले हरीण अवघ्या वीस-पंचवीस मीटरवर असते, तेव्हा ताडपत्रीसारख्या कापडाची खसखसही त्याला पुरते. फ्लीसला गोखरू चिकटतात आणि ते ताणले जाते; म्हणून आत न ताणणाऱ्या कापडाचा एक पदर घालतात. पट्टा पॉलिएस्टरचा असावा, कारण नायलॉन भिजल्यावर अधिक ताणते. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, म्हणून तो वर्ज्य आहे. घरगुती यंत्रावर जाड दोरा व चार पदरी पट्टा बहुधा चालत नाही. अशा वेळी फास न शिवता गाठीचा बांधणे श्रेयस्कर. पट्ट्याला साजेशी ‘वॉटर नॉट’ वापरल्यास टोके किमान ७-८ सेंमी मोकळी सोडतात आणि प्रत्येक वापरापूर्वी तपासतात, कारण पुनःपुन्हा भार पडला की ही गाठ हळूहळू सरकते.

वापर

चढताना कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवलेला दोर खोडाभोवती ठेवून तो पावलागणिक वर सरकवतात. तेलंगणात ताडी उतरवणाऱ्यांची कमरेभोवतीची दोरी याच तत्त्वावर चालते. वर पोहोचल्यावर आधी मुख्य दोर बांधायचा, त्याला ब्रिज जोडायचा, त्यावर भार टाकून पाहायचा आणि मगच चढतीचा दोर सोडायचा. हा क्रम बदलता येत नाही. धनुष्य सोबत घेऊन चढत नाहीत, ते मागाहून दोरीने वर ओढले जाते.

झाड जिवंत, सरळ आणि न सुटणाऱ्या सालीचे हवे. मिशिगनमध्ये २००२ साली आढळलेल्या ‘एमराल्ड ॲश बोरर’ या किडीने मारलेली ॲशची झाडे उभी दिसतात, पण त्यांचे लाकूड ठिसूळ झालेले असते. खोडात स्क्रूप्रमाणे रुतवायच्या पायऱ्यांना अनेक सार्वजनिक वनांत मनाई आहे.

धोके

सॅडल हे टेकून राहण्याचे साधन आहे, पडणाऱ्याला झेलण्याचे नव्हे. दोर सदैव ताठ असला पाहिजे. ८० किलो वजनाची व्यक्ती ढिल्या दोरामुळे ६० सेंमी खाली आली आणि तिला पुढच्या १० सेंमीत थांबवले गेले, तर ऊर्जेच्या साध्या हिशेबाने सरासरी बल तिच्या वजनाच्या सातपट, म्हणजे सुमारे ५.५ किलोन्यूटन भरते. न ताणणाऱ्या दोरावर हा झटका पट्टा, टाके आणि मणका या सर्वांना एकदम सोसावा लागतो. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर बहुधा २० किलोन्यूटनच्या वर क्षमता कोरलेली असते. घरी घातलेल्या टाक्यावर असा आकडा कुठेच नसतो. म्हणून नवे सॅडल जमिनीपासून गुडघाभर उंचीवर टांगून, त्यात तासन्तास बसून, हिसके देऊन पारखतात. ही चाचणी उपयुक्त असली तरी ऊन, पाऊस आणि घर्षणाने येणारी झीज तिच्यात उघड होत नाही. ब्रिज वळताना कडीवर घासतो, त्यामुळे त्याचा मधला भाग सर्वांत आधी झिजतो. पायांखालचा आधार सुटून निश्चल लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते. जमिनीवरील कोणाला ठिकाण कळवून ठेवणे आणि पायांसाठी दोराचा जादा फास जवळ बाळगणे यासाठी आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे शिकारीचे साधन म्हणून ट्री सॅडलला येथे स्थान नाही. झाडावरून छायाचित्रण किंवा पक्षिनिरीक्षण करण्यासाठी अशा आसनाचा उपयोग होऊ शकतो, मात्र संरक्षित वनक्षेत्रात त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते.