गोल्फ कार्ट चार्जर

गोल्फ कार्ट चार्जर (प्रभारक) : गोल्फ कार्ट व तत्सम कमी वेगाच्या बॅटरी गाड्यांमधील घटमाला पुन्हा भारित करणारे उपकरण. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे तो एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि घटमालेच्या अवस्थेनुसार दाब व प्रवाह कमीजास्त करतो. गाडीच्या खर्चात घटमालेचा वाटा मोठा असतो. घटमालेचे आयुष्य गाडीपेक्षा चार्जरवर आणि घटांत पाणी टाकणाऱ्या माणसावर अधिक अवलंबून असते.

इतिहास : पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पट्टिकांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढल्यावर त्याचे कारखानी उत्पादन शक्य झाले. विजेवरच्या गोल्फ कार्टचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाला.

महाराष्ट्रातील वापर : मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ इतका जुना असला, तरी इथल्या मैदानांवर सामान वाहण्याचे काम प्रामुख्याने कॅडीच करीत आले. त्यामुळे या गाडीचा ठळक वापर गोल्फबाहेरचा आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी, तसेच रिसॉर्ट, रुग्णालये आणि मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात ती दिसते. मैदानावरची गाडी एकदोन खेळाडूंना घेऊन सावकाश फिरते व रात्रभर चार्जिंगला राहते. फलाटावरची गाडी मात्र दिवसभर थांबत-निघत, भरल्या आसनांनी धावते. चार्जर निवडताना हा फरक निर्णायक ठरतो.

माथेरान : तीनचाकी ई-रिक्षा गोल्फ कार्टहून वेगळी असली, तरी चार्जिंगच्या दृष्टीने तिची जवळची नातलग आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये हातरिक्षाला पर्याय म्हणून ई-रिक्षा चालवून पाहण्यास सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी परवानगी दिली. ५ डिसेंबर २०२२ रोजी ७ ई-रिक्षांनी प्रायोगिक सेवा सुरू झाली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानच्या चढणीवर मोटर अधिक प्रवाह ओढते, म्हणून सपाटीवरील अंतराच्या हिशेबाने घाटमाथ्यावरील चार्जिंगचा अंदाज बांधता येत नाही.

प्रकार : (१) फेरोरेझोनंट चार्जर. यात जड रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), धारित्र (कपॅसिटर) व डायोड असतात. तो टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपा आहे. धारित्र, डायोड वा फ्यूज गावातला कारागीरही बदलू शकतो. परंतु त्याची रचना एका ठराविक वारंवारतेसाठी जुळवलेली असते व प्रदान (आउटपुट) दाब वारंवारतेबरोबर बदलतो. अमेरिकेतील पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. तिथून गाडीबरोबर आलेला असा चार्जर स्टेपडाउन रोहित्र लावून इथे चालवला, की दाब जुळतो, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. प्रदान दाब सुमारे एक षष्ठांशाने उतरतो, घटमाला पूर्ण भरत नाही आणि रोहित्र जास्त तापते. चार्जर रात्रभर गुणगुणतो, गाडी मात्र दुपारीच थकते. अशा वेळी पुष्कळदा दोष घटमालेला दिला जातो. आयात केलेल्या जुन्या गाडीत म्हणून प्रथम चार्जरवरील पाटी वाचावी. तीवर ५० हर्ट्झ नसेल, तर चार्जर बदलावा. (२) उच्च वारंवारतेचा (स्विच मोड) चार्जर. हा हलका असून त्यातील सूक्ष्मप्रक्रियक चार्जिंगचे टप्पे स्वतः सांभाळतो. पुष्कळ नमुने १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झवर चालतात. पाणी व धूळ आत गेल्यास आणि वीजदाबाच्या उसळीने तो बिघडतो. दुरुस्तीऐवजी बहुधा बदलावाच लागतो.

चार्जिंगचे टप्पे : पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवून बहुतेक भार भरला जातो. दुसऱ्यात दाब स्थिर राहतो व प्रवाह उतरत जातो. तिसऱ्यात अल्प दाबावर घटमाला भरलेली राखली जाते. द्रवयुक्त शिसे-आम्ल घटासाठी २५° से. तापमानास दुसऱ्या टप्प्यात साधारणतः २.३५ ते २.४५ व्होल्ट व तिसऱ्यात सु. २.२५ व्होल्ट प्रतिघट दाब लागतो. ४८ व्होल्टच्या घटमालेत २४ घट असतात. म्हणजे दुसऱ्या टप्प्याची वरची मर्यादा सु. ५८.८ व्होल्ट. अचूक आकडा घटमालेच्या उत्पादकाचा धरावा. दुसरा टप्पा काही तास चालतो. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास प्लग लावल्याने गाडीला अंतर मिळते, पण हा टप्पा पुरा होत नाही. तो रोज राहून गेला, की पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात (सल्फेशन) व क्षमता कायमची घटते.

निवड : चार्जरचा दाब घटमालेच्या दाबाइतकाच हवा. ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्यांची गाडी ३६ व्होल्टची. ६ व्होल्टच्या ८, ८ व्होल्टच्या ६ किंवा १२ व्होल्टच्या ४ असतील, तर ४८ व्होल्टची. प्रवाह अँपिअर-तास क्षमतेच्या १० ते १३ टक्के असावा : २२५ अँपिअर-तासाला सु. २२ ते २९ अँपिअर. कमी प्रवाहाच्या चार्जरला रात्र पुरत नाही. फार जास्त प्रवाहाने घट तापतात व पाणी लवकर उडते. द्रवयुक्त, जेल व एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषलेल्या) घटांचे दाब भिन्न असल्याने चार्जरवर प्रकार निवडण्याची सोय असावी. ४८ व्होल्ट, २५ अँपिअरचा चार्जर मुख्य पुरवठ्यातून सु. ७ ते ८ अँपिअर घेतो. ६ अँपिअरचे घरगुती सॉकेट त्याला चालत नाही. १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग आवश्यक. २२५ अँपिअर-तासाची ४८ व्होल्टची घटमाला निम्मी उतरल्यास ती भरण्यास सु. ८ युनिट वीज लागते.

लिथियम : लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो.

कोकणातील हवामान : भिवंडी, वज्रेश्वरी, वसई या पट्ट्यात उन्हाळा उष्ण व दमट, तर पावसाळा चार महिन्यांचा असतो. २५° से. वरील प्रत्येक अंशाला प्रतिघट दाब सु. ०.००५ व्होल्टने उतरवावा लागतो. ३५° से. ला ४८ व्होल्टच्या घटमालेत हा फरक १.२ व्होल्ट भरतो. म्हणून तापमान-संवेदक असलेला चार्जर इथे चैनीची वस्तू नाही. जोडण्यांवर हिरवट-पांढरा क्षार लवकर धरतो. घटांची झाकणे घट्ट लावून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, जोडणी कोरडी करून आवळावी व व्हॅसलीन लावावे. चार्जर जमिनीवर न ठेवता भिंतीवर, छताखाली बसवावा आणि त्याच्या वायुवीजनाच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात.

निगा : वापर झाल्यावर गाडी त्याच दिवशी चार्जिंगला लावावी व चार्जर आपोआप थांबेपर्यंत काढू नये. पट्टिका उघड्या पडल्या असतील, तर चार्जिंगपूर्वी त्या जेमतेम बुडतील एवढेच पाणी टाकावे. उरलेले पाणी पूर्ण चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरल्यास द्रव फुगून आम्ल बाहेर येते. पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) हवे. नळाचे वा बोअरचे चालत नाही. पूर्ण भारित घटाचे विशिष्ट गुरुत्व सु. १.२६५ ते १.२८० असते. हायड्रोमीटरने मोजता घटाघटांत ०.०३० हून अधिक तफावत आढळल्यास समतोलन (इक्वलाइझ) चार्जिंग द्यावे. नंतरही एकच घट मागे राहिला, तर तो ‘बसला’ असे समजावे. गाडी उभी राहणार असेल, तर पूर्ण भारित करून ठेवावी व महिन्यातून एकदा तरी चार्जिंगला लावावी. घटमाला अतिशय उतरली, तर अनेक स्वयंचलित चार्जर सुरूच होत नाहीत. तो चार्जरचा बिघाड नसून त्याला ओळखण्यापुरता दाब मिळत नसतो.

सुरक्षितता : चार्जिंगच्या अखेरीस हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास स्फोटाचा धोका असतो. जागा हवेशीर ठेवावी, विडी-सिगारेट व ठिणगी टाळावी आणि चार्जर बंद केल्यावरच प्लग काढावा. पाणी टाकताना चष्मा व रबरी हातमोजे वापरावेत.

विल्हेवाट : भारतात २००१ च्या नियमांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागू आहेत. त्यांनुसार बाद घटमाला परत घेऊन तिच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था लावणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ग्राहकाने ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची असते.