पद्मिनीच्या स्टिअरिंगला ‘प्ले’ का येई?

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली. त्याच वर्षी कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाट ११०० ‘डिलाइट’ ही मोटार बाहेर पडू लागली. १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने विकली गेली आणि काळ्या-पिवळ्या रंगात गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे धावली. ट्राम आणि टॅक्सी यांत एक महत्त्वाचा यांत्रिक फरक आहे. ट्रामला रूळ वाट दाखवतात. मोटारीला मात्र वळवावे लागते. वळवायचे म्हणजे सांधे आले, सांध्यांत घर्षण आले आणि घर्षणामागून झीज आली. ही झीज वेळेआधीच का होते, ते आपण पाहू.

मुंबईत टॅक्सीच्या आधी व्हिक्टोरिया होती. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस अख्खाच्या अख्खा मधल्या एका खिळीभोवती फिरत असे. ही रचना साधी होती, पण तीव्र वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने १८१७ मध्ये प्रत्येक चाक स्वतःच्या वेगळ्या खिळीभोवती वळेल अशी योजना काढली. लंडनमध्ये त्याच्या वतीने रूडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि नाव अ‍ॅकरमनचेच राहिले. पुढे मोटारींनी हेच तत्त्व उचलले. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे, तेही या रचनेत साधते. पण त्याची किंमत अशी की एका सांध्याच्या जागी अनेक सांधे आले.

पद्मिनीत चालकाने चक्र फिरवले की स्टिअरिंग बॉक्समधला मळसूत्री दंतचक्राचा जोड फिरे, तिथून दांडे हलत, दांड्यांच्या टोकांचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, चाकांना ओढत आणि चाक ‘किंगपिन’भोवती बुशमध्ये वळे. यातल्या एका सांध्यात केसभर फट पडली तर चालकाला कळतही नाही. पण हे सांधे साखळीच्या कड्यांसारखे एकापुढे एक असल्यामुळे फटींची बेरीज होते. चक्र थोडे फिरवले तरी चाके हलत नाहीत, तेव्हा गॅरेजवाले म्हणतात, “स्टिअरिंगला प्ले आलाय.”

हा प्ले किती धोक्याचा? एक ढोबळ हिशोब करू. चक्राची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि कडेवरचा प्ले २ सेंटिमीटर धरला, तर कोन सुमारे ६ अंश होतो. चक्राचे १६ अंश म्हणजे चाकाचा १ अंश असे मानले, तर चाकांची दिशा सुमारे एक तृतीयांश अंशाने अनिश्चित राहते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्याच कोनात वळत राहिली, तर दोन सेकंदांत ती सुमारे दीड मीटर बाजूला सरकते. शेजारून बस चालली असेल तर दीड मीटर पुष्कळ झाले.

झिजेचे गणित आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडले. घासून गेलेल्या पदार्थाचे आकारमान भाराच्या आणि सरकण्याच्या अंतराच्या सम प्रमाणात, तर पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. यात वर्षांचा उल्लेख कुठेच नाही, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. सांधा किती जुना हे पाहून त्याची झीज समजत नाही. तो किती भाराखाली किती घासला, हे पाहावे लागते.

आता हे सूत्र टॅक्सीला लावू. गिरगावच्या अरुंद गल्लीत गाडी मागेपुढे करत वळवायची, तर चालक पुष्कळदा गाडी उभी असतानाच चक्र पूर्ण फिरवतो. चालत्या गाडीचे चाक सहज वळते. उभ्या गाडीचे टायर जमिनीवर रगडले जाते आणि तो सगळा जोर सांध्यांवर येतो. म्हणजे भार वाढला. एकच टॅक्सी पाळीपाळीने दोन चालक चालवत असतील तर अंतरही वाढले. शिवाय खड्ड्यांचे धक्के आहेतच.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. जोराच्या पावसात परळच्या हिंदमाता भागात पाणी साचते. त्या गढूळ पाण्यातून गाडी गेली की पाणी आणि बारीक वाळू सांध्यात शिरते. पाण्याने ग्रीस बिघडते. वाळूतले क्वार्ट्‌झचे कण कठीण पोलादालाही ओरखडे काढू शकतात. गंमत अशी की हे कण ब्राँझसारख्या मऊ धातूच्या बुशमध्ये रुतून बसतात आणि कठीण पिनेलाच कानशीप्रमाणे घासतात. म्हणून मऊ भाग शाबूत आणि कठीण भाग झिजलेला, असे उलटे चित्रही दिसते.

यावर उपाय होता वंगणाचा. जुन्या मोटारींत सांध्यांना ग्रीस भरण्यासाठी निपल असत. पिचकारीने नवे ग्रीस दाबले की जुने ग्रीस घाण घेऊन बाहेर पडे. म्हणजे ग्रीस सांध्याला नुसते बुळबुळीत ठेवत नसे, धूतही असे. नेमाने ग्रीसिंग करणारा हात हा त्या यंत्राचा एक भागच होता. पुढच्या मोटारींत कायमचे ग्रीस भरलेले बंद सांधे आले आणि त्या हाताचे काम रबरी टोपणावर आले. ते टोपण फाटले की पाणी-वाळू आत जाते आणि नवा सांधाही थोड्याच दिवसांत खिळखिळा होतो. कारण न शोधता नुसता सांधा बदलला, तर नवा सांधाही त्याच वाटेने जातो.

घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालातून मिळाले. या ज्ञानाचा नीट वापर केला तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा समितीचा अंदाज होता.

वर्गात हा विषय सायकलवरून सुरू करता येईल. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलखालच्या नळीजवळ खटखट जाणवली, तर तिथल्या छर्‍यांच्या वाटीत प्ले आहे. मग मुलांनीच कारण शोधावे: नट सैल आहे, ग्रीस वाळले आहे, की वाटी झिजली आहे?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अ‍ॅकरमनचे नाव पुस्तकांत आहे. पण या गाड्या इतकी वर्षे सरळ रेषेत धावल्या, त्यात गाडीखाली आडवे पडून ग्रीस भरणाऱ्या पोर्‍यांचाही वाटा आहे. यंत्रांचा इतिहास शिकवताना त्यांनाही जागा द्यायला हवी.