प्रोस्टेट कर्करोगाचा हाडांतील प्रसार

पुरुषांच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट म्हणजे अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग पसरू लागला, की लसिकाग्रंथींखेरीज मुख्यतः हाडांत शिरतो. कमरेचे मणके, कटीची हाडे, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे. याचे एक कारण असे: मणक्यांभोवती झडपा नसलेल्या शिरांचे जाळे असते आणि ओटीपोटातले रक्त त्यातून मणक्यांकडे वळू शकते, हे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवले.

ओळख पटायला उशीर होतो तो दुखण्याच्या साधेपणामुळे. साठी-सत्तरीतल्या माणसाची कंबर दुखली तर घरचे वयोमान म्हणतात, नाहीतर ‘मणक्यात गॅप आली’ असे सांगून मोकळे होतात. श्रमाचे दुखणे बहुधा पडल्यावर हलके होते. कर्करोगाचे दुखणे मात्र आडवे झाल्यावरही ठसठसते, रात्री झोपमोड करते आणि आठवड्यागणिक वाढते. सोबत वजन उतरणे, थकवा किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडणे असेल, तर संशय बळावतो. लघवीची तक्रार नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हा रोग सहसा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो.

बरेच कर्करोग हाड पोखरतात. हा बहुतेकदा उलट नवे, बेशिस्त हाड रचतो. क्ष-किरणचित्रात तिथे पांढरे, दाट डाग दिसतात. दिसायला भक्कम, पण हाड ठिसूळच. सायबेरियातील तुवा प्रांतात आर्झान येथे सापडलेल्या सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या शक राजाच्या सांगाड्यातही या रोगाच्या खुणा ओळखता आल्या.

रक्तातील पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन बहुधा बरेच वाढलेले असते आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही चढते. बोन स्कॅनमध्ये संधिवात आणि जुने फ्रॅक्चरही उजळतात, म्हणून गरजेनुसार एमआरआय किंवा पीएसएमए पेट स्कॅन करतात. निदान पक्के होते ते सामान्यतः बायोप्सीने.

पाय जड किंवा बधिर होणे, चालताना तोल जाणे, लघवी तुंबणे, शौचावरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची चिन्हे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये. उपचार सुरू होताना जो चालू शकतो, त्याचेच चालणे टिकण्याची शक्यता अधिक असते.

पसरलेला रोग सहसा समूळ जात नाही, पण पुरुषी संप्रेरक रोखल्यास तो अनेकदा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. या उपायाचा पाया शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये घातला. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.