आधी भट्टी की आधी पोलाद? सोर्सपासून लिनक्स बांधताना येणाऱ्या अडचणींचा इतिहास

आजच्या भागात आपण भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून सुरुवात करून कॉम्प्युटरच्या इतिहासाकडे जाणार आहोत. लिनक्स ही सिस्टिम तयार स्थितीत न घेता तिच्या सोर्स कोडपासून, एकेक भाग जुळवत स्वतः बांधता येते. जगभर हजारो लोकांनी ती अशी बांधली आहे, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाचं काम कुठे ना कुठे अडलं आहे. ते कुठे अडतं आणि का अडतं, हा आजचा विषय. इतिहासाच्या मालिकेत हा विषय कशासाठी, असं वाटेल. पण यातल्या बहुतेक अडचणींचं कारण इतिहासातच सापडतं.

भिलाईचा पेच

फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी हा भाग ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे करार झाला तेव्हा दुर्ग आणि वर्धा हे एकाच राज्यातले जिल्हे होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर वेगळं झालं आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

आता पेच बघा. पोलादाचा कारखाना उभारायला खांब लागतात, क्रेन लागतात, भट्टीचं कवच लागतं, रूळ लागतात. हे सगळं पोलादाचंच. मग पहिलं पोलाद आणायचं कुठून? उत्तर सरळ आहे: पहिल्या वेळी बाहेरून. सोव्हिएत यंत्रं आली, सोव्हिएत तंत्रज्ञ आले, आपले इंजिनिअर तिकडे शिकायला गेले. पहिला टप्पा दहा लाख टनांचा होता. पुढे क्षमता पंचवीस लाखांवर आणि नंतर चाळीस लाखांवर गेली. या वाढीत भारतीय आराखडे आणि रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनसारख्या कारखान्यांत बनलेली यंत्रं यांचा वाटा वाढत गेला. उसन्या हत्यारांनी पहिली भट्टी उभी करायची आणि मग हळूहळू उसनवारी कमी करायची, असा हा क्रम.

कंपायलर कोण कंपाइल करणार?

कॉम्प्युटरमध्ये नेमका हाच पेच आहे. माणसाने लिहिलेला सोर्स कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. पण कंपायलर हाही एक प्रोग्रॅमच. त्याचा सोर्स कोड कोण कंपाइल करणार?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ मध्ये त्यांचा जीसीसी हा कंपायलर बाहेर आला. तो बांधायची रीत ऐकण्यासारखी आहे. यंत्रावर आधीपासून असलेल्या कंपायलरने जीसीसी एकदा बांधायचा. तयार झालेल्या जीसीसीने तोच सोर्स कोड दुसऱ्यांदा बांधायचा. त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा. मग दुसरा आणि तिसरा यांची तुलना करायची. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले तर उसन्या कंपायलरचा प्रभाव पुसला गेला असं मानायचं. फरक निघाला तर ‘बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर’ म्हणून काम थांबतं.

लिनक्सचा जन्मही असाच उसन्या अंगणात झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नल लिहिलं ते मिनिक्स या दुसऱ्या सिस्टिमवर. सप्टेंबरमधली पहिली आवृत्ती मिनिक्सशिवाय बांधताच येत नव्हती. मग एक अपघात झाला. मोडेमला द्यायचा डायलिंगचा आदेश चुकून हार्ड डिस्कला दिला गेला आणि मिनिक्सचा भागच खराब झाला. टोरवाल्ड्स यांनी तो पुन्हा बसवला नाही. त्याच वर्षाअखेरच्या ०.११ आवृत्तीपर्यंत लिनक्स स्वतःवरच स्वतःला कंपाइल करू लागलं होतं.

सीडी, मोडेम आणि सिग्नल ११

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. १४.४ केबीपीएसच्या मोडेमवर एक एमबीची फाइल उतरवायला साधारण दहा मिनिटं लागत, तीही लाइन तुटली नाही तर. त्यामुळे आपल्याकडे लिनक्स पसरलं ते मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाने ती वाटायला सुरुवात केली. बंगळूरुचे अतुल चिटणीस यांचं नाव त्या उपक्रमाशी कायमचं जोडलं गेलं आहे.

सीडीवरच्या सोर्समधून कर्नल बांधायला बसलं की एक विचित्र अनुभव येई. जीसीसी मध्येच ‘सिग्नल ११’ म्हणत कोसळे. लोक सोर्स कोडला दोष देत. खरं कारण बहुतेक वेळा रॅममध्ये असे. रोजच्या वापरात खपून जाणारी खराब मेमरी कंपाइल करताना उघडी पडे, कारण ते काम तासन् तास सगळी मेमरी आणि प्रोसेसर पिळून काढतं. नेदरलँड्सच्या रॉजियर वोल्फ यांनी यावर एक प्रश्नोत्तरी लिहिली आणि तिच्यातली कसोटी आजही तितकीच उपयोगी आहे: काहीही न बदलता पुन्हा ‘मेक’ चालवा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी अडलं तर हार्डवेअर तपासा. त्याच ओळीवर अडलं तर सोर्स किंवा सेटिंग तपासा. छत्तीसगड-विदर्भातल्या मे महिन्यात या कसोटीला पंखा आणि धूळ यांचीही जोड द्या. तापलेला प्रोसेसर हुबेहूब खराब रॅमसारखाच वागतो.

आपल्याकडचं दुसरं कारण म्हणजे वीज. काम चालू असताना वीज गेली की एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहते. ‘मेक’ हा प्रोग्रॅम फाइलची वेळ बघतो, आतला मजकूर बघत नाही. फाइल नवी आहे म्हणजे काम झालं, असं समजून तो पुढे जातो आणि शेवटी सगळे भाग जोडताना ‘फाइल ट्रंकेटेड’ अशी तक्रार येते. मदरबोर्डवरची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलं असेल तर ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा येतो, तोही याच कुळातला. इलाज एकच: घड्याळ लावा, ते फोल्डर पूर्ण काढून टाका आणि मूळ पॅकेज नव्याने उलगडा. अर्धवट फोल्डरमध्ये डागडुजी करत बसू नका.

जुनं सोर्स, नवा कंपायलर

तिसऱ्या प्रकारचा बिघाड पिढ्यांच्या भांडणाचा असतो. १९९५ च्या आसपास लिनक्स ए-आउट या जुन्या फाइल-रचनेतून ईएलएफ रचनेत गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मूळ सी लायब्ररी बदलली. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट ७.० आलं, त्यात जीसीसीची अधिकृतपणे न निघालेली २.९६ आवृत्ती होती. तिच्यावर कर्नल नीट बांधलं जाईना, म्हणून कर्नलसाठी ‘केजीसीसी’ नावाचा वेगळा जुना कंपायलर सोबत द्यावा लागला.

हे अजून थांबलेलं नाही. २०२० च्या जीसीसी १० ने एक जुनी सवलत काढून घेतली आणि कित्येक जुनी पॅकेजेस ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडू लागली. २०२४ च्या जीसीसी १४ ने आधी फक्त इशारा देऊन सोडलेल्या काही गोष्टी थेट चूक ठरवल्या. म्हणून अडचण आली की पहिला प्रश्न हा: हा सोर्स कोणत्या सालचा आणि कंपायलर कोणत्या सालचा? दोघांमध्ये दहा वर्षांचं अंतर असेल तर चूक तुमची नाही आणि लेखकाचीही नाही.

नाळ तोडण्याची जागा

१९९९ मध्ये जेरार्ड बीकमन्स यांनी ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तक सुरू केलं. संपूर्ण सिस्टिम हाताने कशी बांधायची याचं ते मार्गदर्शक आहे आणि आजही अद्ययावत होत असतं. त्याचा क्रम भिलाईसारखाच. आधी यजमान सिस्टिमच्या हत्यारांनी तात्पुरती हत्यारं बनवायची. मग ‘सीएचरूट’ करून नव्या घरात शिरायचं आणि तिथल्याच हत्यारांनी खरी सिस्टिम बांधायची. कामाला लागणारा वेळही मिनिटांत न सांगता पहिलं पॅकेज बांधायला तुमच्या यंत्राला जितका वेळ लागला त्याच्या पटीत सांगतात. यंत्र जुनं असो की नवं, हिशोब जुळतो.

सगळ्यात जास्त बिघाड होतात ते या नाळ तोडण्याच्या जागी. तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं: नव्या सिस्टिमचा पत्ता ‘एलएफएस’ नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं आणि ते रिकामं राहिलं, तर रूट म्हणून दिलेले आदेश थेट यजमान सिस्टिमवर चालतात आणि चालतं यंत्रच बिघडतं. म्हणून रोज काम सुरू करताना तो पत्ता आधी छापून बघायचा.

दुसरं: सीएचरूट करताना ‘बॅश: नो सच फाइल’ असं उत्तर येतं. बघायला जावं तर बॅशची फाइल समोर असते. माणूस चक्रावतो. सापडत नसतो तो बॅश नाही, बॅशला मेमरीत चढवणारा लोडर. तो सी लायब्ररीबरोबर येतो, म्हणजे आधीच्या त्या टप्प्यात काहीतरी राहून गेलं आहे.

तिसरं: सगळं सुरळीत झालं असं वाटतं, पण नवा कंपायलर गुपचूप यजमानाच्याच लायब्ररी वापरत असतो. म्हणून पुस्तक एक छोटा प्रोग्रॅम बांधून तो कोणता लोडर मागतो हे तपासायला लावतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि कंटाळून टाळली जाणारीही हीच आहे.

एक सवय मात्र सगळीकडे कामाची. स्क्रीनवरची शेवटची ओळ ‘एरर २’ म्हणते, तिच्यात काहीच नसतं. वर सरकत जा आणि पहिली चूक शोधा. अनेक कामं एकाच वेळी चालू असतील तर ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा एकेक काम करत ‘मेक’ पुन्हा चालवा. ‘कन्फिगर’ अडलं तर ‘कन्फिग डॉट लॉग’ उघडा. खरं कारण तिथे लिहिलेलं असतं.

आणि शेवटी नवी सिस्टिम सुरू करताना ‘कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट’ आलं तर घाबरू नका. कर्नल चालू झालं आहे, त्याला फक्त डिस्क दिसत नाही. डिस्कचा किंवा फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये न घालता मॉड्यूल म्हणून ठेवला, की ते मॉड्यूल डिस्कवर आणि डिस्क उघडायला मॉड्यूल हवं, असा फास बसतो. पुन्हा तोच पेच: आधी भट्टी की आधी पोलाद?

राजनांदगावची गोष्ट

भिलाईहून मुंबईच्या दिशेने रेल्वेने निघालं की दुर्गनंतर राजनांदगाव येतं. रविशंकर श्रीवास्तव तिथले. मध्य प्रदेशच्या वीज मंडळात ते इंजिनिअर होते आणि हिंदी वाचक त्यांना रवि रतलामी या नावाने ओळखतात. इंडलिनक्स या गटाबरोबर त्यांनी हिंदी लिनक्ससाठी काम केलं आणि २००८ नंतरच्या केडीई ४ मालिकेत छत्तीसगढी भाषांतर उभं केलं. जी भाषा शाळेच्या पुस्तकातही क्वचित दिसे, ती कॉम्प्युटरच्या मेनूत आली.

पण भाषांतर झालं म्हणून ते दिसेलच असं नाही. सोर्सपासून सिस्टिम बांधणाऱ्याला सी लायब्ररीत आपल्या भाषेचं ‘लोकेल’, म्हणजे महिने, वार, आकडे, चलन यांचा तक्ता, स्वतः तयार करून घ्यावा लागतो. मराठीचा तक्ता लायब्ररीच्या सोर्समध्ये आहे, छत्तीसगढीचाही आहे. तो बांधायचा राहिला तर बहुतेक प्रोग्रॅम एक शब्दही न बोलता इंग्रजीत सुरू होतात. माणूस भाषांतराला दोष देतो, आणि भाषांतर मात्र डिस्कवर व्यवस्थित पडून असतं. ‘लोकेल’ आदेशाने यादी बघितली की उलगडा होतो.

पुढे अक्षरांचा प्रश्न. कर्नलच्या काळ्या कन्सोलवर जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नसते. म्हणून तिथे मराठी लावलीत तर चौकोन दिसतील. तिथली भाषा साधीच ठेवा. ग्राफिक पडद्यावर जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ करतं. ते नीट बसलं नसेल तर ‘किल्ला’मधली वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘वाऱ्या’तला आडवा र मोडतो. गंमत अशी की हार्फबझला फ्रीटाइप लागतं आणि फ्रीटाइपला हार्फबझ. मग आधी फ्रीटाइप एकट्याने बांधायचं, त्यावर हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदा. जीसीसीची आणि भिलाईची तीच जुनी रीत इथेही उपयोगी पडते.

मंडळी, तयार सिस्टिम वापरण्यात कमीपणा नाही. मीही रोज तीच वापरतो. पण तयार सिस्टिममध्ये आपली भाषा दिसली नाही तर आपण तक्रार करतो आणि वाट बघतो. एकदा ती सोर्सपासून बांधलेल्याला कळतं की नेमका कोणता तक्ता राहिला, कोणत्या पायरीवर राहिला आणि तो कसा घालायचा. छत्तीसगढीचा तक्ता लायब्ररीत आपोआप आलेला नाही. कुणीतरी बसून एकेक महिना, एकेक वार लिहिला, तेव्हा तो तिथे आहे. आपल्या घरात अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलत असतील, तर तुमच्या हातून लिहिला जाण्यासारखा तक्ता अजून शिल्लक आहे.