एकाच प्रतीचे वाचन

पाठचिकित्सेचा एक साधा नियम साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असतो. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन हस्तलिखितांत एकच पाठ आढळला, तर तो मूळ संहितेतला असण्याची शक्यता वाढते. कारण लेखनिकांच्या चुका सहसा ज्याच्या त्याच्या असतात. पण ग्रंथाची एकच प्रत उरली असेल तर? मग आधी लेखनिकाचा हात ओळखावा लागतो. गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा अवकाशातून शोध घेण्याचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

आइन्स्टाइनने १९१६ साली भाकीत केलेल्या या लहरी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी थेट नोंदल्या गेल्या. तो दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा क्षणिक, पण ओळखता येणारा उद्गार होता. पार्श्वभूमीचे तसे नाही. असंख्य दूरस्थ स्रोतांच्या, कदाचित विश्वाच्या आरंभीच्या क्षणांच्याही, लहरी एकमेकींत मिसळून झालेली ती अखंड कुजबुज आहे. उपकरणाच्या स्वतःच्या खरखरीहून ती सहजी वेगळी दिसत नाही.

येथे चूक होण्याची शक्यता केवळ कल्पनेतली नव्हे. १९६४ साली न्यू जर्सीत पेन्झिअस आणि विल्सन यांना आपल्या अँटेनातील एक खरखर काही केल्या हटेना. त्यांनी कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली. तरीही जी उरली, ती विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणाची निघाली. उलट मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाने त्याच प्रारणात आदिम गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. २०१५ च्या आरंभी स्पष्ट झाले, की तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा असावा. जे जवळचे, ते आधी वजा करावे लागते, हाच या दोन्ही कथांचा धडा.

पृथ्वीवर निदान दोन प्रती ताडून पाहता येतात. हजारो किलोमीटर अंतरावरील दोन शोधकांत जे समान आढळते, तेच विचारात घेतले जाते. जून २०२३ मध्ये अतिमंद लहरींच्या पार्श्वभूमीचा जो पुरावा पुढे आला, तोही अनेक स्पंदक ताऱ्यांच्या नोंदी परस्परांशी ताडूनच. त्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचाही वाटा होता.

युरोपीय अवकाश संस्थेची ‘लिसा’ मात्र एकटीच असेल. तीन यानांचा, पंचवीस लाख किलोमीटर भुजांचा हा त्रिकोण सूर्याभोवती फिरेल. भुजा सतत कमीअधिक होणार, म्हणून लेसरचा गोंगाट आपोआप नाहीसा होणार नाही. वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदी योग्य विलंबाने जुळवून तो वजा करावा लागेल. या जुळवणीचे बीजगणित पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर यांनी राजेश नायक आणि विने यांच्यासह २००२ मध्ये मांडले. यांतील एक जुळवणी विशेष अर्थपूर्ण आहे. मंद लहरींना ती जवळजवळ बहिरी असते, आणि म्हणूनच तिच्यात प्रामुख्याने उपकरणाचाच आवाज ऐकू येतो. लेखनिकाचा हात ओळखण्याचे हे साधन!

मात्र हे साधन अपुरे आहे. यानांतील मुक्त ठोकळ्यांना बसणारे सूक्ष्म धक्केही या जुळवणीत फारसे उमटत नाहीत. ते धक्के किती क्षीण करता येतात हे पडताळण्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये ‘लिसा पाथफाइंडर’ पाठवले गेले. गुरुत्वीय लहरी पकडणे हे त्याचे कामच नव्हते. ते गेले होते शांतता मोजायला. शिवाय आकाशगंगेतील श्वेत बटूंच्या अगणित जोड्यांचा कोलाहल राहतोच. यानांच्या वार्षिक भ्रमणाबरोबर तो कमीजास्त होईल. सर्व दिशांनी सारखी येणारी आदिम कुजबुज तशी बदलणार नाही. त्या खुणेने दोन्ही वेगळे करता येतील, अशी अपेक्षा आहे.

‘लिसा’ला जानेवारी २०२४ मध्ये अंतिम स्वीकृती मिळाली, उड्डाण २०३५ च्या सुमारास नियोजित आहे. पुढे कधी त्या नोंदींत विश्वाचा आरंभ वाचल्याचा दावा झाला, तर आपण पहिला प्रश्न कोणत्याही संपादकाला विचारतो तोच विचारावा: लेखनिकाचा हात कितपत ओळखला होता?