शिकवणीला मास्तर पाहिजे

नारायण पेठेत आमच्या दारावर पाटी कधीच नव्हती. ‘गणिताच्या बाई कुठे राहतात?’ म्हटलं की कोपऱ्यावरचा वाणी बोट दाखवायचा, आणि वर ‘कितवीला आहे?’ ही चौकशीही करून घ्यायचा. मुलासाठी मास्तर शोधायची आमच्याकडची रीत फार वर्षं हीच होती. वाण्याला विचारा, शेजारच्या मुलाच्या आईला विचारा, फारच अडलं तर हेडमास्तरांच्या कानावर घाला. जाहिरात देणाऱ्या मास्तराला मुलं मिळत नसणार, असं पुण्यात बिनदिक्कत धरून चालत.

या धंद्याचा इतिहास पाहताना मी एकच गोष्ट शोधते: कोण कुणाच्या घरी चालत गेलं. गरज कुणाची होती ते त्यावरून कळतं.

पेशवाईत आणि पुढेही बराच काळ पोरं पंतोजींच्या ओसरीवर जात. एखादा सावकार पंतोजींना वाड्यातच बोलावून घेई, मग आळीतली आणखी चार पोरंही तिथेच बसत. धुळपाटीवर अक्षर, मग मोडी, पावकी-निमकी, दिडकी-औटकी. मोबदल्यात धान्य, सणाला शिधा. हिशेब जमला, पत्र लिहिता आलं की शिक्षण संपलं. नापास व्हायची सोयच नव्हती.

ती सोय मुंबई विद्यापीठानं केली. विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या खेपेलाच सुटले. सगळ्यांची डोकी तशी नव्हती. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली ते सातवी, आणि शेवटी मॅट्रिकचा उंबरठा. घरात इंग्रजी कुणालाच येत नाही, आणि सरकारी नोकरी तर इंग्रजीवाचून मिळत नाही. मग कारकुनाच्या आणि मामलेदाराच्या घरी संध्याकाळी मास्तर येऊ लागले.

हे मास्तर म्हणजे बहुतेकदा स्वतःच विद्यार्थी. कोकणातून किंवा देशावरून आलेला, वार लावून जेवणारा, कॉलेजची फी शिकवण्यांतून उभी करणारा पोरगा. धोंडो केशव कर्वे १८८४ साली बी. ए. झाले आणि पुढे काही वर्षं त्यांचा संसार मुंबईतल्या शाळांवर आणि खासगी शिकवण्यांवर चालला. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले, तेही टिळकांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि पोटापाण्यासाठी वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालवत होते. एक शिकवण्या सोडून कॉलेजात शिरला, दुसरा कॉलेज सोडून क्लास घेऊ लागला. क्लासवाल्यांनी आपल्या भिंतीवर टिळकांचा फोटो का लावला नाही कोण जाणे.

माझे आजोबा त्याच वाटेनं पुढच्या पिढीत गेले. गिरगावातल्या चाळीतून वाळकेश्वरपर्यंत पायी जायचं, दोन भावांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं, तसंच परत यायचं. त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. डाव्या पानावर शिकवणीची जमा. उजव्या पानावर कॉलेजची फी, कंदिलाचं तेल, आईला मनीऑर्डर. समासात बारीक अक्षरांत ‘चहा’, आणि काही घरांपुढे ‘चहा-पोहे’. पोह्यांच्या घरची शिकवणी त्यांनी कधी सोडली नाही, असं आजी सांगायची.

यात एक गोष्ट वहीत न लिहिलेली आहे. मास्तर जायचे ते ठरावीक घरीच. ज्या घरचं पाणी चालत नसे, तिथे महिना कितीही मिळाला तरी बहुतेकांची पावलं वळत नसत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मणच असल्याची तक्रार केली होती. शाळेची ही कथा, तर घरी येणाऱ्या मास्तरांचं काय बोलावं!

मुलींना तर घरच्या घरी शिकणंही सोपं नव्हतं. रमाबाई रानडे यांना पती माधवरावांनी, म्हणजे त्याच महादेव गोविंद रानड्यांनी, स्वतः शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचा रोष ओढवला. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात रमाबाईंनी ते सगळं सांगितलं आहे. विरोध अक्षरओळखीपेक्षा इंग्रजीला अधिक होता.

१९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, तरी मास्तर सायकलवरून येतच राहिले. माझ्या डोळ्यांदेखत बदल झाला तो १९७५ नंतर. त्या वर्षी दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली आणि बारावी हा वेगळा टप्पा झाला. माझ्याकडे मुलं येऊ लागली ती याच सुमारास. बाहेरच्या खोलीत सतरंजी, दाराच्या आतल्या बाजूला काळा रंग देऊन केलेला फळा. दार उघडं ठेवलं तर फळा भिंतीकडे वळायचा, म्हणून उन्हाळ्यातही दार लावूनच शिकवावं लागे. फी एक तारखेला, पाकिटात, कंपासपेटीच्या खालून सरकवलेली. मोजून घ्यायची नाही हा शिष्टाचार. मी पोरं गेल्यावर मोजत असे.

म्हणजे मुलं पुन्हा मास्तरांच्या ओसरीवर येऊ लागली होती. पुढे १९८३ पासून राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, बारावीच्या गुणांचा भाव वाढला, ओसरी पुरेना आणि हॉल भाड्यानं घेतले गेले. मग गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकू लागले; एकच मुलगा कधीकधी दोन क्लासच्या जाहिरातींत हसताना दिसे. दहा मुलांच्या सतरंजीला हे परवडणारं नव्हतं. आठवीपर्यंतची मुलं माझ्याकडे टिकली, नववीपासूनची गेली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २८ व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी करायला बंदी घातली. कलम नीट वाचलेले शिक्षक मला भेटले आहेत. त्यांच्या घरच्या शिकवण्या बायकोच्या नावावर चालतात. आणि आमच्या सोसायटीतल्या आया सध्या ‘घरी येऊन शिकवणारा’ कुणी आहे का, हे फोनवरच्या ग्रुपमध्ये विचारतात. गेल्या महिन्यात एकीला मिळाला. नांदेडहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला आहे, कॉटबेसिसवर राहतो, चौथीच्या मुलाला गणित शिकवतो. चहा विचारते, पण पोह्यांचं अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.