काट्याला न कळणारे वजन

काही वर्षांपूर्वी विम्यासाठी माझी वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी मला काट्यावर उभे केले, उंची-वजनाच्या तक्त्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, ‘‘नऊ किलो जास्त!’’ त्या वेळी मला एक जुनी हकिगत आठवली.

सन १९४२. दुसरे महायुद्ध पेटलेले. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे. यात चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्याला अंगाने रेटायचे. हे खेळाडू बहुतेक कॉलेजच्या मैदानावरच तयार होतात. तक्त्याप्रमाणे त्या पंचवीसपैकी सतरा जण लठ्ठ! म्हणजे सैन्याला अपात्र आणि पहिल्या दर्जाच्या विम्यालाही.

बेन्के यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि आर्किमिडीजची युक्ती वापरली. माणसाचे एकदा हवेत वजन करायचे, मग श्वास सोडायला लावून पाण्यात. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू आणि हाडे जड. दोन वजनांतल्या फरकावरून शरीराची घनता कळते आणि घनतेवरून चरबी. उत्तर आले ते असे, की या गड्यांच्या अंगावर चरबी थोडीच होती. जादा वजन होते ते स्नायूंचे.

तरीही कॉलेजांतल्या प्रशिक्षकांना वजने उचलण्याची धास्ती वाटे. अंग आखडते, खेळाडू मंदावतो, अशी समजूत. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने अल्विन रॉय यांच्या सल्ल्याने खेळाडूंना वजने उचलायला लावली आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना त्यासाठी नेमले. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी आधीच बजावले होते, ‘एक जरी खेळाडू मंदावला, तरी तुझी नोकरी गेली!’ नोकरी शाबूत राहिली. १९७० आणि १९७१ ही दोन्ही वर्षे नेब्रास्काची ठरली.

पण गोष्ट इथे संपत नाही. ताकदीबरोबर आकाराचीही चढाओढ लागली. आज पुढच्या फळीतला कॉलेजकुमार सव्वाशे-दीडशे किलोंचा असतो, आणि त्याच्या अंगावर स्नायूंबरोबर चरबीही भरपूर असते. रेटारेटीत ती उपयोगी पडते. पण याच फळीतल्या खेळाडूंमध्ये रक्तदाब वाढलेला संशोधकांना वारंवार आढळला आहे. तेव्हा काट्याने निर्दोष गड्यांना लठ्ठ ठरवले. आता ‘खेळाडू आहे, सगळे स्नायूच असणार’ म्हणून खऱ्या चरबीकडे काणाडोळा होऊ शकतो. वजन किती, एवढेच विचारून भागत नाही. ते कशाचे, हेही विचारावे लागते.

माझ्या नऊ किलोंचे काय? त्यासाठी पाण्यात बुडायची गरज नव्हती. सदऱ्याच्या बटणांनी ते केव्हाच सांगून टाकले होते!